छोट्या ट्रॅक्टरला बर्फाचं अवजार जोडताना

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूजच्या उत्तरेला, ऑस्वेगो काउंटीत आम्ही घर बघायला गेलो तेव्हा जून महिना होता. एजंटने विहीर दाखवली, सेप्टिक टँक दाखवला, मागची मेपलची रांग दाखवली. रस्त्यापासून दारापर्यंत ६० मीटरची खडीची वाट, दोन्ही कडांना गुडघाभर गवत. बायको म्हणाली, "अगदी आपल्या पाणंदीसारखं वाटतंय." त्या पाणंदीवरचा बर्फ कोण काढणार हा विषय ना एजंटने काढला, ना आम्हाला सुचला.

डिसेंबरात सुचला. ऑन्टारिओ सरोवर खोल आहे, त्यामुळे ते हिवाळाभर बहुतेक मोकळंच राहतं. त्याच्यावरून गार कोरडा वारा आला की वाटेत वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर चढला की तिचा बर्फ करून आमच्या अंगणात टाकतो. सिरॅक्यूजमध्ये वर्षाला सरासरी १२५ इंचांच्या आसपास, म्हणजे ३ मीटरच्या वर बर्फ पडतो. आमच्या पूर्वेचं टग हिल पठार तर त्याच्याही वरताण. पहिला हिवाळा मी हाताने ढकलायच्या मशीनवर काढला, दुसऱ्या वर्षी २५ एचपीचा ट्रॅक्टर घेतला, आणि त्याला पहिलंच अवजार चुकीचं लावलं.

त्यानंतर आठ हिवाळे झाले. रॉचेस्टर, बफेलो, व्हरमाँट, मिशिगन, तिकडे कॅनडात ओंटारिओ, अशा ठिकाणी दोन-चार एकर घेऊन राहायला गेलेल्या आपल्या मंडळींचे ऑक्टोबर उजाडला की फोन येतात: "ट्रॅक्टर घेतलाय, आता पुढे काय लावू?" दर वेळी तुकड्यातुकड्यांत सांगतो ते इथे सलग लिहितोय. न्यू जर्सीत दोन गाड्यांपुरता ड्राइव्हवे असेल तर मात्र ट्रॅक्टरच्या भानगडीत पडू नका. हाताने ढकलायचं मशीन घ्या आणि उरलेल्या पैशांत भारतात जाऊन या.

१. आधी बर्फ ठेवायची जागा बघा

दुकानात पाऊल टाकायच्या आधी कागद घ्या. घर, गराज, ड्राइव्हवे, झाडं, गॅसची टाकी, सेप्टिकचा पाणी मुरायचा भाग, टपालपेटी असं सगळं काढा. डिसेंबरचा बर्फ कुठेही मावतो. मार्चमध्ये पडेल तो कुठे जाईल, ते त्या कागदावर पेन्सिलीने दाखवता आलं पाहिजे.

थोडा हिशोब करू. ६० मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद वाट म्हणजे २१० चौरस मीटर. तिच्यावर २० सेंटिमीटर बर्फ पडला की झाला ४२ घनमीटर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, म्हणजे चार टनांपर्यंत. तोच वाऱ्याने दाबलेला किंवा पाणी प्यालेला असेल तर ३०० किलोच्या वर जातो, म्हणजे बारा-तेरा टन. एका रात्रीचं हे. आणि इथे एकच रात्र नसते.

या मालाचं तीन प्रकारे काही करता येतं: ढकलता येतो, उचलून न्यावा लागतो, नाहीतर फेकता येतो. ढकलायला कडेला मोकळी जागा हवी, उचलायला वेळ हवा, फेकायला खिसा हवा. बाजारातलं प्रत्येक अवजार या तिघांपैकी एका घरचं आहे. म्हणून जागेचा कागद आधी.

मी तो केला नव्हता. शेजाऱ्याकडे लोडरला (ट्रॅक्टरच्या पुढचे वर-खाली होणारे लोखंडी हात) बसणारं पुढचं ब्लेड, म्हणजे बर्फ ढकलायचं पातं होतं, त्याचा ड्राइव्हवे दहा मिनिटांत साफ होताना मी खिडकीतून बघायचो. मीही तेच आणलं, ६ फुटी. त्याच्या दोन्ही अंगांना मक्याचं रिकामं शेत आहे आणि माझ्या एका अंगाला मेपल, दुसऱ्याला उंच बांध आहे, एवढं काही डोक्यात शिरलं नाही. नव्या वर्षापर्यंत मजा आली. मग कडेचे ढीग गोठून दगड झाले. दर खेपेला ब्लेड मागच्या खेपेपेक्षा वीतभर अलीकडे अडायला लागलं आणि वाट अंगावर येत गेली. फेब्रुवारीत प्रोपेन गॅसचा टँकर आला. ड्रायव्हरने काच खाली केली, वाट बघितली, मान हलवली आणि निघून गेला. टाकीचा काटा १५ टक्क्यांवर होता. पुढच्या दोन रात्री लोडरच्या बकेटने (माल भरून उचलायचं सूप) ढिगाचे लचके तोडत घरामागे नेऊन टाकले, तेव्हा कुठे टँकर आत आला.

कागदावर आणखी दोन गोष्टी मांडा. ढीग उताराच्या खालच्या बाजूला ठेवा. वरच्या बाजूला ठेवलात तर दुपारी पाझरलेलं पाणी वाटेवर येतं आणि रात्री त्याची काच होते. दुसरं म्हणजे सेप्टिकच्या भागावर ट्रॅक्टर नेऊ नका. मोकळा पडलेला बर्फ गोधडीसारखा जमिनीची ऊब राखतो, चाकाखाली चेपला की थंडी खाली उतरते आणि जानेवारीत पाइप गोठतो. ते दुरुस्त करायला बर्फाखाली कोण उकरणार?

२. ट्रॅक्टरची पत्रिका मांडा

कराडला आमच्या आबांचा ३५ एचपीचा ट्रॅक्टर होता. त्याचा रोटाव्हेटर फिरवणारा सहा खाचांचा शाफ्ट आणि इथे बर्फ फेकणारा ब्लोअर फिरवणारा शाफ्ट एकच: मागचा पीटीओ (पॉवर टेक-ऑफ, एंजिनची ताकद अवजाराला देणारा), मिनिटाला ५४० फेरे. अवजार मागे तीन ठिकाणी अडकवून उचलणारं थ्री-पॉइंट लिंकेजही तेच. त्यामुळे गावाकडे ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला यातलं निम्मं आधीच येत असतं, फक्त मातीच्या जागी बर्फ धरायचा. ज्यांना अजिबात येत नाही त्यांनी मालकाच्या पुस्तिकेतून पुढच्या गोष्टी काढून त्याच कागदाच्या मागे लिहाव्यात.

पीटीओची ताकद. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात तो आकडा एंजिनचा. ब्लोअरच्या वाट्याला येते ती पीटीओवरची ताकद, आणि ती कमी असते. २४ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरवर पीटीओला साधारण १८ उरतात. ब्लोअरच्या रुंदीला दर फुटामागे ४ ते ५ एचपी धरा. ओला बर्फ पडणारा भाग असेल तर ५ च. १८ ला ४ फुटी छान चालतो, साडेचार फुटी ओढूनताणून, ६ फुटीची हौस करू नका.

मधला पीटीओ. काही ट्रॅक्टरना पोटाखाली आणखी एक पीटीओ असतो, गवत कापायच्या डेकसाठी. तो २००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. पुढच्या बाजूला बसणारे बहुतेक ब्लोअर याच्यावर चालतात. तुमच्या ट्रॅक्टरला तो नसेल तर पुढच्या ब्लोअरचा विषय जवळजवळ तिथेच संपला.

गिअर की हायड्रोस्टॅटिक? ब्लोअरला फेरे पूर्ण हवे असतात आणि चाकं मुंगीच्या पावलांनी हवी असतात. हायड्रोस्टॅटिकमध्ये गिअर नसतात, तेलाच्या दाबाने चाकं फिरतात; पाय पेडलवर हलका करायचा, चाकं मंदावतात, पीटीओ आपला गरगरतच राहतो. गिअरवाला असेल तर निदान ड्युअल क्लच (अर्धा दाबला की चाकं थांबतात, पीटीओ चालू राहतो) आणि अगदी हळू चालणारा गिअर आहे ना, हे बघा. क्लच दाबल्यावर पीटीओही थांबणारा ट्रॅक्टर असेल तर ब्लोअरवर पैसे घालू नका, ब्लेडच घ्या. दाट बर्फात दर वेळी थांबलात की ब्लोअरही थांबणार आणि तुंबणार.

शेवटी टेप घेऊन मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि लोडरचं तोंड बघा: बकेट पिनांवर बसवली आहे, की स्किड स्टिअर नावाच्या छोट्या लोडर-यंत्राच्या पद्धतीच्या झटपट जोडणीवर, की कंपनीच्या स्वतःच्या हुकांवर. या तिघांची अवजारं एकमेकांना बसत नाहीत. सेकंडहँड ब्लेड स्वस्तात मिळालं म्हणून दोनशे मैल गाडी हाकत गेलेले आणि रिकाम्या हाताने परतलेले लोक मला माहीत आहेत.

३. आता अवजारं

लोडरची बकेट तुमच्याकडे बहुतेक असेलच. पहिल्या वर्षी तिच्यावरच भागवून बघा, असं मी आता सगळ्यांना सांगतो. काम रडतखडत होतं, पण एका हिवाळ्यात आपला बर्फ कसा आहे, वारा कुठून येतो, कुठे साचतो ते कळतं, आणि मग घेतलेलं अवजार चुकत नाही. पुढे दुसरं काही घेतलं तरी ढीग हलवायला बकेट लागतेच. बर्फ हलका म्हणून मोठी, उंच पाठीची स्नो बकेट मिळते. ती फक्त बर्फालाच वापरा. तिच्यात ओली माती भरून लोडर उचललात तर मागची चाकं जमीन सोडतील.

मागचं ब्लेड हे गरिबाघरचं सोनं. थ्री-पॉइंटला अडकवायचं, तिरकं फिरवायचं, ओढत न्यायचं. काहीशे डॉलरपासून मिळतं, फिरणारा भाग नाही, तुटण्यासारखं काही नाही. उलटं फिरवून मागे ढकलताही येतं. मोकळ्या जागेत, फूटभराच्या आतल्या बर्फाला याच्यासारखं दुसरं नाही. फार हलकं मात्र घेऊ नका. हलकं ब्लेड चेपलेल्या बर्फावरून नुसतं तरंगत जातं. ज्यांच्याकडे खडी सपाट करायची बॉक्स ब्लेड आहे (आपल्याकडची केणी आठवा), त्यांना वाटतं तीच चालेल. चालते, पण ती बर्फ बाजूला टाकत नाही, पोटात साठवते. दर वीस पावलांवर उचलून रिकामी करायची तयारी असेल तर हरकत नाही.

पुढचं ब्लेड दिसायला रुबाबदार. मान वळवायला लागत नाही, कोन सीटवरून बदलता येतो. लोडरवर बसवायचं असेल तर खालची कड आडव्या अडथळ्याला अडकली की स्प्रिंगवर मागे झुकणारी हवीच. बर्फाखाली गोठलेला दगड किंवा फरशीची उचललेली कड असते, ट्रॅक्टर वेगात असतो, आणि झटका सरळ लोडरच्या हातांना बसतो. वाकलेला लोडर ब्लेडच्या कितीतरी पट महाग पडतो. पुशर म्हणून दोन्ही बाजूंना भिंती असलेली पेटीही मिळते. ती पार्किंगसारख्या रुंद जागेला ठीक, लांब अरुंद वाटेला काही कामाची नाही.

ब्लोअर ही वेगळीच जात. क्यूबेकच्या आर्थर सिकार यांनी १९२५ मध्ये मोटारीवर चालणारा ब्लोअर उभा केला. मळणीयंत्र बघून त्यांना ते सुचलं, असं सांगतात. एकदा हे कळलं की यंत्र डोक्यात बसतं. पुढे आडवा मळसूत्री ऑगर बर्फ खातो आणि मध्यावर आणतो, मागचा पंखा तो उचलून नळकांड्यातून बाहेर भिरकावतो. इथे त्या नळकांड्याला च्यूट म्हणतात, आमच्या घरात धुराडं. बर्फ कोरडा असला तर दहा-पंधरा मीटरवर जाऊन पडतो, पसरतो, त्याची भिंत होत नाही. मेपल आणि बांधाच्या मधल्या माझ्या वाटेवर खरा उपाय हाच होता. मला कळायला एक हिवाळा आणि एक टँकर लागला.

उघड्या माळावर घर असेल तर ब्लोअरच्या बाजूने आणखी एक मुद्दा. ब्लेडने दोन्ही कडांना बांध उभे राहतात. वाऱ्याबरोबर उडत आलेला बर्फ नेमका त्या दोन बांधांच्या मध्ये येऊन बसतो. बर्फ पडलेला नसतानाही सकाळी वाट भरलेली दिसते, आणि जितकं ढकलावं तितकं दुखणं वाढतं. ब्लोअर कड खाली ठेवतो, वारा सरळ निघून जातो.

मग मागचा की पुढचा? मागचा ब्लोअर थ्री-पॉइंटवर बसतो, पीटीओला जोडतो आणि पुढचा लोडर जागेवरच राहतो. दोन-चार हजार डॉलरांत बरा मिळतो. तोटा एकच, पण मोठा: उलटं चालवायचं. साठ मीटर मान खांद्यावरून मागे वळवून, एक हात स्टिअरिंगवर, एक धुराड्याच्या दांड्यावर. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, मानेचं दुखणं असलेल्यांनी दुकानातच सीटवर बसून दहा मिनिटं तसं वळून बघावं आणि मग ठरवावं. सरळ चालत ओढायचे, ट्रॅक्टरकडे तोंड केलेले ब्लोअरही मिळतात, पण त्यात चाकं आधी बर्फावरून जातात, तो दाबतात, आणि खोल बर्फात ट्रॅक्टरच अडकतो.

पुढचा ब्लोअर म्हणजे ऐष. समोर दिसतं, मान शाबूत राहते, चाकाखाली साफ जमीन येते. किंमत मागच्याच्या दुपटीच्या आसपास जाते, बहुतेक वेळा लोडर उतरवून ठेवावा लागतो, आणि पोटाखालून जाणारा शाफ्ट व चौकट वर्षातून दोनदा चढवा-उतरवायची. लोडर उतरवला म्हणजे ढीग हलवायची सोय गेली, हे विसरू नका.

मी मागचाच घेतला. मान दुखते. पण फेब्रुवारीत लोडर पुढे हाताशी असतो, आणि टँकरची ती मान मी अजून विसरलेलो नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये एकाच वादळात ८० इंच बर्फ पडला. अशा वेळी ब्लेडवाला घरातच बसतो. फेकणारं नाहीतर उचलणारं अवजार असेल त्याचीच वाट उघडते.

४. रुंदी

अवजार टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच तरी जास्त हवं. नाहीतर चाक न काढलेल्या बर्फावर चढतं आणि ट्रॅक्टर कलत चालतो. ब्लेडच्या बाबतीत इथेच फसगत होते. ६ फुटी, म्हणजे ७२ इंची ब्लेड ३० अंशांत तिरकं केलं की पुढून ते ६२ इंचच उरतं. टायरांच्या बाहेरच्या कडांमध्ये ६० इंच अंतर असेल तर कसंबसं झाकतं. ५ फुटी घेतलं असतं तर तिरकं करताच चाक उघडं पडलं असतं. म्हणून ब्लेड घेताना सरळ रुंदी नको, तिरकी मोजा.

ब्लोअर मात्र टायर झाकण्यापुरताच रुंद घ्या. त्याहून मोठा घेतलात तर ताकद पुरत नाही, पंखा मंदावतो आणि धुराडं तुंबतं.

५. वजन आणि पकड

गावाकडे चिखलणीला लोखंडी केज व्हील लावतात, टायरात पाणी भरतात. इथेही तेच दोन्ही लागतं, फरक इतकाच की साधं पाणी गोठून टायरातच दगड होतो. म्हणून बीटच्या रसाचं द्रावण किंवा गाडीच्या काचा धुवायचं न गोठणारं पाणी भरतात. कॅल्शियम क्लोराइड वजनदार आणि स्वस्त असतं, पण गळती झाली की रिम खातं. मी ते टाळतो. हे काम टायरच्या दुकानातून करून घ्या, अर्ध्या तासात होतं.

टायरांच्या नक्षीवर लोक तासन्‌तास बोलतात. रुंद ठोकळ्यांचे इंडस्ट्रियल टायर, जे बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांवर आलेले असतात, ते काचेसारख्या बर्फावर बेभरवशाचे. हिरवळीसाठीचे बारीक नक्षीचे टायर दिसायला लेचेपेचे, पण बर्फावर आश्चर्य वाटावं इतके बरे चालतात. उतार असेल तर वाद संपवा आणि मागच्या चाकांना साखळ्या घाला. घालण्यापूर्वी टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटं घालून बघा. जागा नसेल तर चाक बाहेर काढणारे स्पेसर लागतील. डांबरावर साखळ्यांचे ओरखडे उठतात, तेवढी किंमत धरूनच चला.

एक गोष्ट मात्र पाठ करा. या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात. पुढे बकेट भरलेली, मागे काही वजन नाही, आणि तुम्ही उतरणीवर: मागची चाकं हलकी होतात, ब्रेक लागूनही ट्रॅक्टर घसरगुंडी करतो. उतरताना फोर-व्हील चालू ठेवा, म्हणजे पुढची चाकंही धरतात. मागे ब्लोअर किंवा वजनाची पेटी असू द्या, बकेट जमिनीलगत ठेवा. रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी सीटमागची कमान) उभा, पट्टा लावलेला.

६. खडी असेल तर

पहिल्या दोन-तीन बर्फांत जमीन अजून मऊ असते आणि अवजार बर्फाबरोबर खडीही उचलतं. ब्लोअरमधून सुटलेला खडा गाडीच्या काचेचं काय करतो ते दाखवायची गरज नाही. ब्लोअरच्या आणि पुढच्या ब्लेडच्या खाली घसरपट्टीचे बूट असतात. ते इंचभर खाली सोडा, म्हणजे अवजार तितकं वर राहतं आणि खाली चेपलेल्या बर्फाचा एक थर बसतो. जमीन गोठली की तो थरच तुमचा रस्ता.

मागच्या ब्लेडला बहुतेक बूट नसतात. त्यावर इथल्या शेतकऱ्यांची युक्ती आहे: दीड-दोन इंची लोखंडी पाइप ब्लेडच्या लांबीएवढा घ्यायचा, ग्राइंडरने लांबीत एक चीर पाडायची आणि ती चीर ब्लेडच्या खालच्या धारेवर ठोकून बसवायची. धार गोल होते, खडीत न रुतता वरून घसरते. दोन्ही टोकांना एकेक बोल्ट टाका, नाहीतर तो पाइप तुम्हाला एप्रिलमध्ये गवतात सापडेल. प्लॅस्टिकचा पाइपही चालतो, एक हंगाम.

७. घेताना

बर्फाची अवजारं मार्च-एप्रिलमध्ये घ्या. नोव्हेंबरात भाव चढलेले असतात आणि हवी ती रुंदी संपलेली असते. ब्लेड सेकंडहँड डोळे झाकून घ्यावं. वाकलेलं नसलं आणि खालची धार बदलता येण्यासारखी असली की झालं. सेकंडहँड ब्लोअर मात्र डोळे उघडून घ्या. ऑगर हाताने फिरवून बघा, टोकाच्या बेअरिंगमध्ये खडखड आहे का. गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट सैल करून तेलाचा थेंब बोटावर घ्या. दुधासारखं असेल तर आत पाणी गेलंय. पंख्याची पाती कवचाला घासली असतील तर आत चकचकीत रेघ दिसते.

मग शिअर बोल्ट बघा. ऑगर कशात तरी अडकला की गिअरबॉक्स वाचवायला हा मऊ बोल्ट मुद्दाम तुटतो. आधीच्या मालकाने तिथे कडक, जाड डोक्याचा बोल्ट ठोकला असेल तर समजा की गिअरबॉक्सने सगळे धक्के स्वतः खाल्ले आहेत. तिथून नमस्कार करून निघा. आणि तुम्हीही पुस्तिकेत सांगितलेलाच बोल्ट वापरा, सहा-आठ जास्तीचे आणि दोन पाने ट्रॅक्टरच्या पेटीत असू द्या.

नवीन ब्लोअरबरोबर येणारा पीटीओ शाफ्ट बऱ्याचदा लांब असतो. तसाच जोडून अवजार वर उचललंत तर तो आत दाबला जाऊन ट्रॅक्टरच्या पोटात धक्का देतो. लिफ्ट वर-खाली करून सगळ्यात कमी अंतर मोजायचं आणि दोन्ही नळ्या सारख्या कापायच्या. हात धजत नसेल तर विकणाऱ्याकडून करून घ्या, पण करून घ्याच.

८. पहिल्या बर्फाआधी आणि त्या दिवशी

जमीन गोठायच्या आत वाटेच्या दोन्ही कडांना, वळणावर, गॅसच्या टाकीजवळ चार फुटी चमकत्या काड्या रोवा. नोव्हेंबरपासून हिवाळी डिझेल भरा. उन्हाळ्याचं टाकीत राहिलं तर त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो.

आणि वाटेवरचं सगळं उचला. एका वर्षी आम्ही दिवाळीला ड्राइव्हवेच्या कडेने दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. भाऊबीज झाली, काढू काढू म्हणता त्या रात्रीत बर्फाखाली गेल्या. सकाळी ब्लोअर लावला, वीस फूट गेलो असेन, "खट्" झालं आणि ऑगर थांबला. दहा मीटर माळ, हिरवी वायर, त्यावर काचेचे बारीक दिवे, सगळं मळसूत्रात पिळून दोरखंडासारखं घट्ट बसलं होतं. उणे चौदा अंशांत हातमोजे काढून पक्कडीने तुकडे तोडत बसलो. शिअर बोल्ट गेला, गिअरबॉक्स वाचला. आता आमच्या माळा ओसरीवरच लागतात.

पहिली खेप वाटेच्या मध्यातून नको, कडेपासून. पहिल्या बर्फात लागेल त्यापेक्षा दोन-तीन फूट जास्त रुंद काढून ठेवा. ढीग आत सरकत येणार आहेत. ब्लोअरवर वारा बघून धुराडं फिरवा, नाहीतर सगळा बर्फ तोंडावर. एंजिनचे फेरे पीटीओच्या खुणेवर ठेवा, चाल मंद. ओला बर्फ चिकटत असेल तर धुराड्याला आतून सिलिकॉनचा स्प्रे मारा. स्वयंपाकघरातला तेलाचा स्प्रेही चालतो, विचारून घ्या.

वाटेच्या तोंडाशी नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक, गुडघाभर ओल्या, मीठ मिसळलेल्या बर्फाचा बांध टाकून जातो. तो लगेच काढा. रात्रभर राहिला तर सकाळी पहार लागेल. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, वाटेच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने दहा-बारा फुटांचा एक खिसा साफ करून ठेवा. प्लाऊ त्याच बाजूने येतो, पोटातला बर्फ त्या खिशात ओततो आणि तुमच्या तोंडाशी थोडाच उरतो. तुमचा बर्फ मात्र रस्त्यावर ढकलू नका. न्यूयॉर्कमध्ये ते बेकायदा आहे, आणि पलीकडचा शेजारी आयुष्यभर लक्षात ठेवतो.

धुराडं तुंबलं तर पीटीओ बंद, एंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं थांबेपर्यंत सीटवरच बसायचं. मग काठीने मोकळं करायचं. हात आत घालायचा नाही, मोजा घालूनसुद्धा नाही. ऑगरमध्ये ताण अडकलेला असतो, बर्फ सुटला की पातं एंजिन बंद असतानाही एक हिसका देतं, आणि बोटं अशीच जातात. मी जुन्या हॉकी स्टिकचा तुकडा ब्लोअरच्या चौकटीला रबराने बांधून ठेवलाय, कारण काठी शोधायला गोठ्यापर्यंत जायचा कंटाळा येतो आणि कंटाळलेला माणूस हात घालतो.